एकेक वळण सांगा

रिक्षात बसल्यावर आपल्याला कुठं जायचंय हे आमच्या ऑफिसातल्या काकांनी कधीही एकदम सांगितलं नाही. ते बसायचे, छत्री दोन गुडघ्यांमध्ये उभी धरायचे आणि म्हणायचे, "पुढच्या चौकापर्यंत घ्या." चौक आला की, "आता डावीकडे." डावीकडे वळलं की, "त्या फर्निचरवाल्यापर्यंत सरळ." तोवर रिक्षावाला आरशातून बघायला लागलेला असायचा. एकदा मी बरोबर असताना एकानं रिक्षा बाजूला घेऊन थांबवलीच.

"चाचा, जाना किधर है, एक बार में बोलो ना!"

"एकदम सांगितलं तर तुम्ही तुमच्या वाटेनं नेणार," काका शांतपणे म्हणाले. "मला माझ्या वाटेनं जायचंय."

"अरे, पर मेरे को मालूम तो होना चाहिए ना!"

"कशाला? पुढचं वळण माहीत असलं की बास."

रिक्षावाल्यानं माझ्याकडे बघून कानशिलाजवळ बोट फिरवलं. मीही मान हलवली, म्हणजे हो, आहेत खरे तसे. तेव्हा मला ऑफिसात लागून महिनाही झाला नव्हता आणि काका वेडे आहेत की फार हुशार आहेत, हे माझं ठरलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते ठरायला बराच वेळ गेला.

आमचं ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवायच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली शिलाईची मशीन्स सुरू झाली की वर आमच्या टेबलावरचा चहा थरथरायचा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ज्याला त्याला स्वतःची वेबसाइट हवी असायची आणि ती कशाला हवी हे कुणालाच सांगता यायचं नाही. आमचे सेठ पूर्वी साड्या विकायचे, मग रिकाम्या सीडी विकायला लागले आणि मग वेबसाइटी. त्यांच्या मते या तिन्हींत फरक होता तो फक्त पॅकिंगचा. मी अंबरनाथहून यायची आणि वेबसाइटची पानं लिहायची. ती पानं ज्या सर्व्हरवर राहायची तो सर्व्हर काका सांभाळायचे.

काका बदलापूर गावातले. घरची भातशेती होती, ती भाऊ बघायचा. हे आधी मुंबईत कुठल्याशा मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळत होते, तिथून कुणाशी तरी वाजलं म्हणून आमच्याकडे आले. कुणाशी वाजलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण वाजलं असणार याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात जाड सँडल, आणि बारा महिने छत्री. ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. सगळ्यांना म्हणजे अगदी जिन्यात झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा. "जरा बाजूला होता का," असं त्याला म्हणून ते थांबायचे आणि कुत्रं उठेपर्यंत खरोखरच उभे राहायचे. आम्ही सगळे त्या कुत्र्याला ओलांडून जायचो.

दुसऱ्याच्या पिशवीत हात घालायचा नाही, हा त्यांचा आणखी एक नेम. एकदा मी फोनवर होते आणि हातानं खूण करून त्यांना म्हटलं, "काका, माझ्या पर्समधून पेन द्या ना." ते उठले, माझी पर्स दोन बोटांनी बंदाला धरून, मेलेला उंदीर उचलावा तशी उचलून माझ्यासमोर आणून ठेवली आणि तोंड दुसरीकडे करून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, वरच होतं पेन." तर म्हणाले, "असेल. मला काय माहीत?" कुणाच्या घरी गेले तरी दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. पाणी हवं असलं तरी तिथूनच मागायचे. सेठच्या घरी दिवाळीला गेलो होतो तेव्हा सेठाणी आग्रह करकरून दमल्या, "आओ ना, अंदर बैठो ना," पण हे दारातल्या चपलांशेजारी बसून शंकरपाळे खात राहिले.

पत्ता या गोष्टीवर त्यांचं अतोनात प्रेम. उल्हासनगरचा पत्ता त्यांना फार आवडायचा. आधी कॅम्प, मग सेक्शन, मग बॅरेक म्हणजे जुनी लष्करी चाळ, मग खोली. "बघा मॅडम," ते म्हणायचे, "मोठ्यातून लहानात, लहानातून आणखी लहानात. कुठं घोळ नाही. मशीनलासुद्धा कळेल असा पत्ता." आणि स्वतःच्या बदलापूरच्या पत्त्यांचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. "देवळामागनं जा, पाटलांच्या विहिरीला वळसा घाला, पिठाची गिरणी होती ना तिथं. आता गिरणी बंद, विहीर बुजवली, पाटील गेले ठाण्याला. माणूस कुणाच्या घरात शिरेल सांगा!"

सर्व्हरवरच्या फाइलचा पत्ता उल्हासनगरसारखाच असतो. मोठं फोल्डर, मग तिरपी रेघ, मग त्यातलं लहान फोल्डर, पुन्हा रेघ, आणि शेवटी फाइल. आणि कुठूनही एक पायरी वर चढायची असली तर दोन टिंबं टाइप करायची. या दोन टिंबांवर काकांचा दात होता. "चोर कुलूप फोडत बसत नाही, मॅडम," ते म्हणायचे. "तो मागचा जिना शोधतो. ही दोन टिंबं म्हणजे मागचा जिना."

सेठना सर्व्हरवर सगळीकडे हिंडायची भारी हौस. मालक ना! एकदा हिंडता हिंडता त्यांनी एका मिठाईवाल्याची अख्खी वेबसाइट "ये क्या कचरा है" म्हणून उडवून दिली. मिठाईवाला वर येऊन जे बोलला ते खालच्या शिलाई मशीन्सच्या आवाजातही स्पष्ट ऐकू आलं. त्यानंतर काकांनी सेठसाठी सर्व्हरवर एक खोली बांधली. म्हणजे एक फोल्डर घेतलं, त्यात पाहण्यासारख्या थोड्या फायली ठेवल्या आणि मशीनला बजावलं की सेठ आले की त्यांच्यापुरतं जग एवढंच. मग सेठ दोन टिंबं टाइप करून कितीही जिने चढले तरी ते फिरून त्याच खोलीत यायचे. सेठना पत्ताच नाही. उलट गिऱ्हाईक आलं की स्क्रीन त्याच्याकडे वळवून छाती फुगवून सांगायचे, "देखो, पूरा सर्वर मेरे सामने खुला है!" काका मागं उभे राहून गंभीरपणे मान डोलवायचे. मला हसू आवरायला खाली जाऊन यावं लागायचं.

पण हे फक्त सेठच्या बाबतीत नव्हतं. काकांनी स्वतःलाही तशीच एक खोली करून ठेवली होती आणि रोजचं काम ते तिच्यातूनच करायचे. सगळा सर्व्हर उघडणारी किल्ली त्यांच्याकडे होती, पण ती लावायची वेळ आली की शेजारी कुणीतरी बसलेलं लागायचं. "साक्षीदार पाहिजे," म्हणायचे. बहुतेक वेळा साक्षीदार मीच. मी पत्त्याचा एकेक तुकडा मोठ्यानं वाचायचा, त्यांनी तेवढ्याच तुकड्यात पाऊल टाकायचं, बरोबर जागी आलो का बघायचं, मगच मी पुढचा तुकडा वाचायचा. अख्खा पत्ता एकदम टाइप केला तर अर्ध्या मिनिटाचं काम, पण काकांबरोबर त्याला चहा संपेपर्यंतचा वेळ लागायचा. "काका, तुमच्यावर कोण संशय घेणार आहे?" मी एकदा वैतागून म्हटलं. "मी घेतो ना," ते म्हणाले.

आता माझं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही आधी उल्हासनगरलाच बॅरेकमध्ये राहायचो. तिथं असताना माझं एक लग्न ठरलं होतं आणि मी ते मोडलं. मुलगा कल्याणकडचा, कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायचा, बोलायला गोड. ठरल्यानंतर तो मी कुठं जाते, कुणाशी बोलते याचा हिशोब मागायला लागला आणि एकदा भर रस्त्यात माझा हात पिरगळला. मोडल्यावर तो बॅरेकच्या तोंडाशी येऊन उभा राहायला लागला. काही बोलायचा नाही, नुसता उभा. शेवटी पप्पांनी घर बदललं आणि आम्ही अंबरनाथला आलो. नवा पत्ता नातेवाइकांनाही तोलूनमापून दिला. कुणी यायचं म्हटलं की मी किंवा पप्पा रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन त्यांना घेऊन यायचो. मी ऑफिसात कुणालाच घरचा पत्ता सांगितला नव्हता. भीती वाटायची, आणि भीती वाटते हे सांगायचीही लाज वाटायची.

अशात आमच्या ऑफिसात मावशींचं काम आलं. मावशी म्हणजे अंबरनाथमधल्या निवृत्त शिक्षिका. आमच्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींची लग्नं जुळवायचं मंडळ त्या चालवायच्या. एका रविवारी कॅम्प चारच्या हॉलवर त्यांचा वधू-वर मेळावा होता आणि सेठनी त्यांच्या मुलाला गाठून वेबसाइट गळ्यात मारली होती. घरबसल्या बायोडाटा, घरबसल्या फोटो, मेळाव्यात मोठ्या पडद्यावर उद्घाटन. मावशी ऑफिसात आल्या तेव्हा मला बघून म्हणाल्या, "जय भीम, बाळा! अगं, तुझ्या आईनं तुझाही बायोडाटा दिलाय की माझ्याकडे. फोटो छान आलाय हो तुझा."

मी "जय भीम" म्हटलं. बायोडाट्यात सगळ्यात खाली घरचा पत्ता असतो.

फोटो दाखवायचं पान मीच लिहिलं होतं. बघणाऱ्यानं फोटोचं नाव द्यायचं, मशीननं फोटोंच्या फोल्डरातून तो काढून दाखवायचा, इतकं साधं. गुरुवारी काका माझ्या शेजारी येऊन बसले, फोटोच्या नावाऐवजी त्यांनी दोन टिंबं, रेघ, पुन्हा दोन टिंबं असं काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर एक लाल सोफा आला. आमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा, फर्निचरवाल्याचा सोफा.

"वधू बघायला आलेल्या माणसाला सोफा दाखवणार का?" काकांनी विचारलं.

सगळे हसले, मीसुद्धा. मग काका म्हणाले, "याच जिन्यानं दुसरीकडेही जाता येतं. फोटोंच्या वरच्याच फोल्डरात पत्त्यांचे कागद आहेत," आणि माझं हसू गेलं.

मी लगेच मशीनला सांगितलं, नावात दोन टिंबं आणि रेघ दिसली की खोडून टाक. काकांनी टिंबांच्या पोटात टिंबं घातली. मधली खोडली गेली, उरलेली जवळ सरकली आणि पुन्हा दोन टिंबं तयार. सोफा परत आला. मग मी सांगितलं, पूर्ण पत्ता बघ, तो आपल्या फोल्डरातलाच असेल तरच उघड. काका खूश झाले, "वा, आता बघा." त्यांनी फोटोंच्या गठ्ठ्यात एक अशी फाइल घालून पाठवली की नाव फोटोचं, पण आत फोटो नाही. नुसती पाटी: खरी वस्तू तिकडे आहे, तिकडे जा. मशीन बिचारं पाटी वाचून गेलं आणि सोफा घेऊन आलं.

"ठीक आहे," मी दात खाऊन म्हटलं. "आधी तपासीन, पाटी असली तर उघडणारच नाही."

"तपासा."

मी तपासलं. तरीही सोफा. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लावला होता, जो त्या जागी फोटो ठेवायचा, पाटी ठेवायचा, पुन्हा फोटो, पुन्हा पाटी. "तुम्ही तपासलं तेव्हा फोटो होता," काका म्हणाले. "तपासून तुम्ही दार उघडायला हात लावेपर्यंत मी पाटी लावली."

"इतक्या घाईघाईत कोण असलं करत बसणार आहे?"

"ज्याला एखाद्या घरात शिरायचंच असतं, त्याला दुसरं काम नसतं, मॅडम. शंभरदा हुकलं तरी त्याचं काय जातंय? एकदा जमलं की झालं."

बॅरेकच्या तोंडाशी उभा राहणारा तो मला समोर दिसला.

"मग करायचं काय?"

"पाटी वाचायची नाही, दार धरायचं. प्रत्येक फोल्डर म्हणजे एक दार. पहिल्या दाराला हात लावला की तो सोडायचा नाही. तिथूनच दुसऱ्या दाराला हात घालायचा. मधे कुणी पाटी लावली तर पाऊल टाकायचं नाही, मागं यायचं. अख्खा पत्ता कुणाच्या तोंडावर फेकून 'ने बाबा' म्हणायचंच नाही. एकेक वळण."

आणि मला एकदम ती रिक्षा आठवली. म्हणजे हा माणूस वेडा नव्हता. किंवा होता, पण त्याचं वेड सगळीकडे एकच होतं.

काम मोठं होतं. शुक्रवारी काकांनी सेठना सांगितलं, रविवारी होणार नाही. सेठ उडालेच. "हॉल बुक है, स्क्रीन मंगवाया है! अरे, दो टिंब के लिए मैं उद्घाटन रोकूँ?" आपण स्वतः बघतो म्हणून ते खुर्चीवर बसले आणि मावशींचं फोल्डर शोधायला लागले. वर गेले, आणखी वर गेले, सापडेना. शेवटी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"ये क्या है? मेरे को कमरे में बंद किया है? मालिक को?"

"बंद नाही केलं," काका म्हणाले. "इतके दिवस तुम्हाला काही कमी पडलं का?"

"तुम सोमवार से मत आना!"

काकांनी छत्री घेतली, ऑफिसच्या दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "सोमवारपासून येत नाही. पण आज आणि उद्या माझी नोकरी आहे, आणि उद्यापर्यंत ते दार मी उघडणार नाही."

मी त्यांच्यामागे जिन्यात गेले. कुत्रं आडवं पडलं होतं, त्यामुळे काका अर्थातच थांबलेले होते. मी म्हटलं, "काका, तुमची नोकरी जाईल. पण ते पान असंच चालू होऊ देऊ नका. त्यात माझाही बायोडाटा आहे."

"ते मला सांगायची गरज नाही."

"त्यात पत्ता आहे माझा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. का, कोण, कशासाठी, असं दुसऱ्या कुणीही विचारलं असतं. मी उत्तराची तयारीही करत होते. "पत्ता आहे म्हणताय ना? मग बास," ते म्हणाले आणि कुत्र्याकडे वळले. "उठता का जरा?"

शनिवारी मावशी फोटोंचा शेवटचा गठ्ठा घेऊन आल्या. सेठनी हसऱ्या चेहऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. काका पुढं झाले. "मावशी, एक विचारू? तुम्ही अल्बम दाखवता कसा?"

मावशींच्या काखेत रेग्झिनची पिशवी होती, तीत त्यांचा तो प्रसिद्ध अल्बम. त्या म्हणाल्या, "अल्बम मी कुणाच्या हातात देत नाही. मांडीवर ठेवते. ज्या स्थळाबद्दल बोलणं झालंय तेवढंच पान उघडते, बाकीच्यांवर पदर. पान मीच उलटायचं. एकदा एकानं 'बघू बघू' म्हणून ओढायला बघितला, तर मी त्याच्या हातावर चापट मारली, चांगला इंजिनिअर होता."

"आणि कुणी नाव सांगून म्हणालं, अमकीचा फोटो दाखवा, तर?"

"असं कसं कुणीही नाव घेऊन मागेल? कुणाला कुठलं पान दाखवायचं ते मी ठरवते. लेकी दिल्यात लोकांनी माझ्या भरवशावर."

काका इतके हरखले की त्यांनी टेबलावर हात आपटला आणि माझा चहा सांडला. "हेच! बघणाऱ्याला नाव सांगूच द्यायचं नाही! मॅडम, मशीनच्या मांडीवर अल्बम द्या!" मग ते मावशींकडे वळले. "आज जे पान तयार आहे ना, त्यात अल्बम लोकांच्या हातात दिलाय. पदरबिदर काही नाही. मी ते चालू करायला नाही म्हटलं, म्हणून सोमवारपासून मी इथं नाही."

सेठ म्हणाले, "अरे मौसीजी, ये तो ऐसे ही..."

मावशींनी टेबलावर ठेवलेला फोटोंचा गठ्ठा उचलून पुन्हा पिशवीत घातला. "मग उद्या अल्बमच चालवते. माझी मांडी अजून शाबूत आहे. तुमचं पान झालं की कळवा, आणि सोमवारी हे नसले तर कळवूसुद्धा नका."

सेठ व्यापारी माणूस. कुठला सौदा सोडायचा आणि कुठला धरायचा हे त्यांना दोन टिंबांपेक्षा लवकर कळायचं. "काका," ते म्हणाले, "मंडे को टाइम पे आना." आणि थोड्या वेळानं, जरा पडलेल्या आवाजात, "और मेरा कमरा... थोडा बड़ा कर दो."

पुढच्या आठवडाभरात आम्ही ते पान पुन्हा लिहिलं. मशीन फोल्डर धरून बसायचं, बघणाऱ्याला परवानगी असेल तेवढंच एक पान उघडायचं, पाटी दिसली की मागं फिरायचं. आणि हे सगळं एका बंद खोलीत, जिथून जिना चढला तरी त्याच खोलीत येतो.

पान सुरू झाल्यावर काही दिवसांनी काकांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. सर्व्हरवर कोण काय मागतं त्याची नोंद तपासायची होती. मी नेहमीसारखी मोठ्यानं वाचायला लागले. "दोन टिंबं, रेघ. दोन टिंबं, रेघ. दोन टिंबं..." कुणीतरी सकाळपासून मागचा जिना चढत होतं आणि प्रत्येक वेळी त्याच रिकाम्या खोलीत येत होतं. पुढच्या ओळीत टिंबांनंतर एक नाव होतं. माझं नाव. आडनावासकट. त्याच्या पुढच्या ओळीत माझं नाव आणि आमच्या जुन्या बॅरेकचा नंबर.

मी थांबले. खाली मशीन्स धडधडत होती. जुना नंबर माहीत असलेला आणि नवा शोधणारा जगात एकच माणूस होता.

काका खिडकीबाहेर बघत होते. ते आधीच बघत होते की मी थांबल्यावर बघायला लागले, ते मला आजही माहीत नाही. "पुढं वाचायची गरज नाही, मॅडम," ते म्हणाले. "दार बंद आहे. त्याला हिंडू द्या तिथंच."

मला रडू आलं. काकांनी खिशातला रुमाल काढला, आणि तो माझ्या हातात न देता टेबलावर माझ्याजवळ ठेवला. नंतर कधी त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही. तो माणूसही पुन्हा आला नाही, निदान सर्व्हरवर तरी.

आता मशीनमध्येच तशी सोय आली आहे. या फोल्डराच्या बाहेर जायचं नाही, पाट्यांच्या मागं लागायचं नाही, हे एका ओळीत सांगता येतं आणि मशीन ऐकतं. मी ती ओळ लिहिते तेव्हा काका आठवतात. त्यांनी तिच्यावरही विश्वास ठेवला नसता, आधी एक सोफा आणून बघितला असता.

दीड-दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. मावशींच्या अल्बममधून नाही आणि वेबसाइटवरूनही नाही. ऑफिसात यूपीएस दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाशी ठरलं, ती गंमत वेगळी. साखरपुडा घरातल्या घरात होता. ऑफिसातल्या सगळ्यांना मी सांगितलं, स्टँडवर या, पप्पा घ्यायला येतील. सगळे आले, काका नव्हते. त्यांना भाताच्या कापणीमुळे उशीर झाला होता. घरात पाहुणे भरलेले, पप्पा कामात, आणि माझा मोबाइल वाजला.

"मॅडम, मी अंबरनाथ स्टेशनबाहेर आहे. रिक्षात बसलोय. आता कुठं?"

मला हसू आलं. "काका, एवढी वर्षं आमचा पत्ता तुमच्याच सर्व्हरवर आहे की!"

"असेल. मला काय माहीत?"

मला तेव्हा खरोखर कळलं. सगळ्या सर्व्हरची किल्ली या माणसाच्या खिशात होती, माझ्यावर काहीतरी बेतलंय हे त्याला माहीत होतं, आणि तरीही एवढ्या काळात त्यानं एकदाही माझं पान उघडून बघितलं नव्हतं. मला त्या क्षणी आजूबाजूच्या कुणाचीच भीती वाटेनाशी झाली. नव्या घराचा पत्ता मी कधी कुणाला फोनवर सांगितला नव्हता. तो आता सांगून टाकावा असं वाटलं.

"लिहून घ्या काका, पूर्ण पत्ता सांगते—"

"अहं," ते पलीकडून हळू आवाजात म्हणाले. "सगळं एकदम नको. रिक्षावाले ऐकतायत. एकेक वळण सांगा."

मग मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले, हातावर मेंदी, मोबाइल खांद्यात धरलेला, आणि एकेक वळण सांगत गेले. पहिला सिग्नल. मेडिकलवरून उजवीकडे. शाळेची भिंत संपली की डावीकडे. प्रत्येक वळणावर ते म्हणायचे, "आलो. पुढं?" पलीकडून रिक्षावाल्याची कुरकुर ऐकू येत होती. शेवटी खाली रिक्षा थांबलेली दिसली, तिच्यातून आधी छत्री उतरली, मग काका.

ते जिना चढून आले, सँडल काढले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आई म्हणाली, "अहो या ना, घर तुमचंच आहे." काकांनी नेहमीप्रमाणे दाराजवळची खुर्ची हेरली होती. "मी इथंच बसतो," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना आतल्या खोलीपर्यंत घेऊन गेले.